तळघरातलं यंत्र आणि जपून ठेवलेले कागद



आपल्या गटांचे हिशोब आता हळूहळू मोबाइलवर भरले जायला लागलेत. बैठकीत एखादी ताई विचारतेच, "सगळं मोबाइलमध्ये जातंय, मग रजिस्टर कशाला लिहायचं?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आज आम्ही तुम्हाला या हिशोब करणाऱ्या यंत्राच्या जन्माची हकिकत सांगणार आहोत. ही हकिकत एका कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागाच्या तळघरात घडली. त्या यंत्राचं श्रेय कुणाचं, हे पुढं कोर्टात ठरलं, तेही जुन्या कागदांवरून.

आधी 'कॉम्प्युटर' या शब्दाकडं बघू. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत "ती कॉम्प्युटर आहे" असं कुणी म्हटलं असतं, तर ऐकणाऱ्याला काही नवल वाटलं नसतं. कारण तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे यंत्र नव्हे, तर आकडेमोड करणारं माणूस. जशी शिवणारी, स्वयंपाक करणारी, तशी हिशोब करणारी. आणि या कामावर बायका खूप होत्या. वेधशाळेत, विद्यापीठात, सैन्याच्या कचेरीत त्या ओळीनं बसून दिवसभर बेरजा, वजाबाक्या, गुणाकार करायच्या. पगार थोडा, काम किचकट, आणि नाव बहुतेक वेळा वरच्या साहेबाचं.

आता अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जाऊ. हे राज्य म्हणजे मक्याचं आगर. तिथं एम्स नावाच्या गावात आयोवा स्टेट कॉलेज होतं, आता ते विद्यापीठ आहे. तुमच्यापैकी ज्यांनी वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' वाचलंय, त्यांना हे कॉलेज ओळखीचं आहे. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर शेतीशास्त्र शिकले ते इथंच. शेतकऱ्यांच्या मुलांना शिकता यावं म्हणून उभं राहिलेलं हे कॉलेज, आणि मुलींना इथं सुरुवातीपासून प्रवेश होता.

शेतीच्या कॉलेजात एवढी आकडेमोड कशाला लागते? समजा, मक्याचं एक बियाणं वीस वाफ्यांत लावलं, दुसरं दुसऱ्या वीस वाफ्यांत. कुठं जमीन हलकी, कुठं पाणी कमी. मग उत्पन्न वाढलं ते बियाण्यामुळं की जमिनीमुळं, हे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी मोजमाप आणि हिशोब लागतो. या कामासाठी १९३३ मध्ये तिथं सांख्यिकीची प्रयोगशाळा सुरू झाली. ती उभी करण्यात गर्ट्रूड कॉक्स यांचा मोठा वाटा होता. या आयोवातल्याच एका शेतावर जन्मलेल्या. या कॉलेजातली सांख्यिकीतली पहिली एम.एस. पदवी १९३१ मध्ये त्यांनीच घेतली.

त्यांची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या कॉलेजला नव्या विभागासाठी प्रमुख हवा होता. त्यांनी कॉक्स यांचे वरिष्ठ, प्राध्यापक स्नेडेकोर, यांना नावं सुचवायला सांगितली. स्नेडेकोर यांनी यादी केली, सगळे पुरुष. ती कॉक्सना दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, माझं नाव का नाही? मग पत्राच्या शेवटी एक ओळ वाढली, की बाई चालणार असेल तर कॉक्स यांची शिफारस करतो. १९४० मध्ये त्या त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. मैत्रिणींनो, ती एक ओळ कागदावर आली नसती तर?

याच प्रयोगशाळेत मेरी क्लेम नावाच्या दुसऱ्या बाई हिशोबाचं काम करायच्या. आकडेमोडीतली चूक पकडायची एक रीत त्यांनी बसवली. हिशोब असा मांडायचा, की सगळं बरोबर असेल तर शेवटच्या एका बेरजेचं उत्तर शून्यच यावं. शून्य आलं नाही, म्हणजे कुठंतरी चुकलंय. आपण महिनाअखेरीला जमा-खर्चाचा ताळा घेतो ना, हातातली रोख, बँकेतली शिल्लक आणि बायकांकडं असलेलं कर्ज मिळवून पाहतो आणि फरक शून्य यायला हवा म्हणतो, त्याच जातीची ही रीत. हिशोब कितीही मोठा असो, ताळा हवाच.

त्याच कॉलेजात भौतिकशास्त्र आणि गणित शिकवणारे एक प्राध्यापक होते, जॉन व्हिन्सेंट अटानासॉफ. जन्म १९०३ चा. वडील बल्गेरिया देशातून लहानपणी अमेरिकेत आलेले, विजेच्या कामातले जाणकार. आई आयव्हा गणिताची शिक्षिका. मोजणी दहा-दहानं करतात तशी दुसऱ्या आकड्यांनीही करता येते, हे या मुलाला लहानपणीच आईनं समजावून दिलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

अटानासॉफांनी डॉक्टरेटसाठी हेलियम वायूवर काम केलं. तेव्हा त्यांना हातानं चालवायच्या गणनयंत्रावर कित्येक आठवडे आकडे मोडत बसावं लागलं. १९३० मध्ये ते आयोवाला परत आले. त्यांचे विद्यार्थीही त्याच घाण्याला जुंपलेले. भौतिकशास्त्रात असे हिशोब फार येतात, ज्यात बऱ्याच गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. बाजारातलं उदाहरण घेऊ. एकीनं २ किलो कांदे आणि १ किलो बटाटे घेतले, ७० रुपये झाले. दुसरीनं १ किलो कांदे आणि १ किलो बटाटे घेतले, ५० रुपये झाले. तर भाव काय? पहिलीनं एक किलो कांदेच जास्त घेतले आणि २० रुपये जास्त दिले, म्हणजे कांदे २० रुपये, बटाटे ३० रुपये. दोन वस्तू, दोन पावत्या, सोपं आहे. पण वस्तू ८ असल्या आणि पावत्याही ८, तर? अटानासॉफांनी लिहून ठेवलंय, की चांगल्या हाताच्या माणसाला यंत्र घेऊनही ८ तास लागतात. आणि वस्तू २० झाल्या तर १२५ तास! वस्तू अडीचपट, वेळ मात्र पंधरा पटींहून जास्त. माणसं थकणार, चुका होणार, आणि विज्ञान तिथंच अडून राहणार.

१९३७-३८ च्या हिवाळ्यातली गोष्ट. हे कोडं सुटत नाही म्हणून वैतागलेले अटानासॉफ एका रात्री मोटार घेऊन निघाले. थंडी कडाक्याची. तीनशे किलोमीटरच्या आसपास गाडी चालवत, मिसिसिपी नदी ओलांडून ते शेजारच्या इलिनॉय राज्यात पोचले आणि रस्त्याकडेच्या एका खाणावळीत बसले. तिथं बसल्या-बसल्या त्यांच्या डोक्यात यंत्राचा आराखडा बसला. त्यातल्या मुख्य गोष्टी आपण समजून घेऊ, कारण त्या आजही आपल्या हातातल्या मोबाइलमध्ये आहेत.

पहिली गोष्ट, दातेरी चाकांऐवजी विजेनं हिशोब करायचा. चाक फिरायला वेळ लागतो, विजेला लागत नाही.

दुसरी गोष्ट, मोजणी दहानं नाही, दोननं करायची. हे काय? तागडीची मापं डोळ्यांपुढं आणा. तुमच्याकडं १, २, ४ आणि ८ किलो अशी चारच मापं आहेत, प्रत्येकी एक. एवढ्यात तुम्ही १ पासून १५ किलोपर्यंत कुठलंही वजन करू शकता. ५ किलो हवं, तर ४ आणि १ ठेवा. १३ हवं, तर ८, ४ आणि १. प्रत्येक मापाबद्दल एकच प्रश्न, पारड्यात आहे की नाही? आहे किंवा नाही, बस. विजेलाही हेच सोपं पडतं, चालू किंवा बंद. आईनं समजावलेली मोजणी इथं उपयोगी पडली.

तिसरी गोष्ट, आकडे लक्षात ठेवायला कपॅसिटर वापरायचे. पंख्यात आणि पाण्याच्या मोटरीत असतो तोच, आपल्याकडं त्याला कंडेन्सरही म्हणतात. त्यात वीज साठते. पण माठ जसा पाझरतो, तशी ही साठवलेली वीजही हळूहळू गळून जाते. मग आकडा विसरला जाणार! त्यावर त्यांनी उपाय काढला. कपॅसिटर एका फिरत्या पिंपावर बसवले, आणि पिंपाच्या दर फेऱ्याला, म्हणजे दर सेकंदाला, ते पुन्हा भरले जातील अशी सोय केली. आजच्या मोबाइलच्या आणि कॉम्प्युटरच्या स्मृतीतही आकडे असेच पुन्हा पुन्हा भरून जिवंत ठेवले जातात.

कॉलेजनं १९३९ मध्ये या कामाला ६५० डॉलर दिले. मदतीला क्लिफर्ड बेरी हा हुशार विद्यार्थी मिळाला. जागा मिळाली भौतिकशास्त्र विभागाच्या इमारतीच्या तळघरात. त्या वर्षाच्या अखेरीस दोघांनी एक लहानसा नमुना चालवून दाखवला, बेरीज-वजाबाकी करणारा. मग मोठं यंत्र हाती घेतलं. ते टेबलाएवढं होतं, वजन ३०० किलोच्या वर, आत सुमारे ३०० व्हॅक्यूम ट्यूब म्हणजे काचेचे दिवे, आणि दीड किलोमीटरहून जास्त तार. २९ पावत्यांतून २९ वस्तूंचे भाव काढावेत, तेवढा मोठा हिशोब सोडवण्यासाठी ते बनवलं होतं. १९४२ पर्यंत ते चालायला लागलं. मात्र मधली उत्तरं कार्डावर उमटवायची आणि परत वाचायची जी सोय होती, ती अधूनमधून चुकायची. तेवढी दुरुस्ती बाकी होती.

आणि इथं युद्ध आडवं आलं. १९४१ च्या डिसेंबरात अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. १९४२ मध्ये अटानासॉफ नौदलाच्या कामावर वॉशिंग्टनला गेले, बेरी कॅलिफोर्नियातल्या कंपनीत गेले. यंत्र तळघरात राहिलं.

मैत्रिणींनो, आता नीट ऐका. या दोघांनी कागदाची दोन कामं केली होती. एक पुरं झालं आणि एक अर्धवट राहिलं.

पुरं झालेलं काम असं. १९४० च्या ऑगस्टमध्ये अटानासॉफांनी यंत्राबद्दल ३५ पानांचा लेख तयार केला. यंत्र काय करतं, कसं करतं, कशासाठी, सगळं त्यात होतं. त्याच्या कार्बन प्रती काढल्या. त्याच्या जोरावर आणखी सुमारे ५ हजार डॉलर मदत मिळाली.

अर्धवट राहिलेलं काम म्हणजे पेटंट. पेटंट म्हणजे, ही युक्ती अमक्याची आहे अशी सरकारदरबारी नोंद. कॉलेजनं त्यासाठी शिकागोतला वकील धरला, कागद त्याच्याकडं गेले. पण युद्धाच्या धामधुमीत अर्ज दाखल झालाच नाही.

त्याआधी, १९४१ च्या जूनमध्ये, जॉन मॉकली नावाचे भौतिकशास्त्राचे दुसरे एक प्राध्यापक एम्सला आले होते. अटानासॉफांच्या घरीच पाहुणे म्हणून काही दिवस राहिले, यंत्र पाहिलं, ३५ पानं वाचली, चर्चा केली. परत गेल्यावर त्यांनी पत्रं लिहिली. एका पत्रात विचारलं, तुमच्या यंत्रातल्या काही गोष्टी घेऊन मी असं यंत्र करू लागलो तर तुमची हरकत आहे का?

पुढं मॉकली आणि प्रेस्पर एकर्ट यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिॲक नावाचं यंत्र बांधलं. १९४६ च्या फेब्रुवारीत ते जगाला दाखवलं. प्रचंड यंत्र, जवळजवळ १८ हजार काचेचे दिवे, आणि नाना प्रकारचे हिशोब करणारं. गाजावाजा झाला, पेटंटचा अर्ज १९४७ मध्ये गेला, १९६४ मध्ये पेटंट मिळालं. आणि आयोवाच्या तळघरात काय झालं? १९४८ मध्ये वर्गासाठी जागा हवी होती, म्हणून यंत्र मोडून टाकलं. ज्यांनी बनवलं त्या दोघांना विचारलंही नाही. दोन-चार सुटे भाग तेवढे उरले.

एनिॲकच्या गोष्टीतही बायका आहेत. ते यंत्र हिशोबासाठी जुळवण्याचं, म्हणजे आज ज्याला प्रोग्रामिंग म्हणतात ते काम, सहा मुलींनी केलं. कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बायलस आणि रूथ लिक्टरमन. आधी त्या सैन्यासाठी आकडेमोड करणाऱ्या 'कॉम्प्युटर'च होत्या. यंत्र दाखवायच्या दिवशी त्यांची ओळख कुणी करून दिली नाही. फोटोत त्या होत्या, पण फोटोखाली नावं नव्हती. चाळीस वर्षांनी कॅथी क्लाइमन या विद्यार्थिनीनं त्या फोटोतल्या बायका कोण, असा शोध घेतला, तेव्हा कुठं त्यांची नावं लोकांपुढं आली. तोवर कुणी म्हणायचं, त्या नुसत्या यंत्राशेजारी शोभेला उभ्या केल्या असतील.

आता कोर्टाकडं वळू. एनिॲकच्या पेटंटची मालकी स्पेरी रँड कंपनीकडं गेली होती. ती बाकीच्या कॉम्प्युटर कंपन्यांकडं पैसे मागू लागली. हनीवेल या कंपनीनं नकार दिला आणि १९६७ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. वकिलांनी शोधाशोध केली आणि ते अटानासॉफांपर्यंत पोचले. यंत्र तर मोडून गेलेलं, क्लिफर्ड बेरी १९६३ मध्येच वारलेले. दाखवणार काय? तेव्हा ती ३५ पानं पुढं आली. पत्रं पुढं आली, त्यांच्यावरच्या तारखांसह. सुनावणी १३५ दिवस चालली, ७७ साक्षीदार झाले. १९ ऑक्टोबर १९७३ रोजी न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी निकाल दिला, की एनिॲकचं पेटंट चालणार नाही, विजेवर चालणाऱ्या कॉम्प्युटरची मूळ कल्पना मॉकलींनी अटानासॉफांकडून घेतली. कंपनीनं वर अपील केलं नाही.

दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या राजकारणात मोठी खळबळ उडाली आणि ही बातमी मागं पडली. अटानासॉफांना बल्गेरियानं १९७० मध्येच गौरवलं होतं, त्यांच्या स्वतःच्या देशानं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक दिलं ते १९९० मध्ये. तेव्हा ते ८७ वर्षांचे होते. त्यांनी आपल्या यंत्राच्या नावात बेरींचंही नाव घातलं, म्हणून आज ते अटानासॉफ-बेरी कॉम्प्युटर म्हणून ओळखलं जातं. विद्यार्थ्याचं नाव गुरूनं पुसलं नाही, हे आम्हाला फार आवडलं. १९९७ मध्ये आयोवात जुने कागद आणि फोटो बघून तसंच यंत्र पुन्हा बांधलं आणि ते चालवून दाखवलं.

न्यायाची बाजू म्हणून हेही सांगायला हवं, की एनिॲक बनवणाऱ्यांचं काम लहान नव्हतं. अटानासॉफांचं यंत्र एकाच जातीचा हिशोब करायचं, एनिॲक कितीतरी प्रकारचे. त्याच काळात जर्मनीत आणि इंग्लंडमध्येही अशी यंत्रं बनत होती. एवढं मोठं काम एकट्याचं कधीच नसतं. आपल्या मुंबईतही टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे मुळात भौतिकशास्त्र आणि गणिताच्या अभ्यासाच्याच जागी, टिफ्रॅक नावाचा कॉम्प्युटर बांधला गेला. १९६० मध्ये तो कामाला लागला, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला हे नाव दिलं. म्हणून हिशोबाचं यंत्र घडवण्यात पुष्कळांचा हात आहे. प्रश्न एवढाच, की कुणाच्या हाताची नोंद झाली आणि कुणाच्या हाताची नाही.

तोच प्रश्न आपल्या गावातही आहे. गटाच्या बायका मसाला कुटतात, दुकानदार तो स्वतःच्या पिशवीत भरून स्वतःच्या नावानं विकतो. शेतात बाई राबते, सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं. गटाची कल्पना एकीची असते, गावच्या कार्यक्रमात सत्कार दुसऱ्याचा होतो. तेव्हा आपण म्हणतो, जाऊ दे, सगळ्यांना माहीत आहे. पण सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट वीस वर्षांनी कुणाला माहीत असते? माणसं जातात, यंत्रं मोडतात, मोबाइल पाण्यात पडतो.

म्हणून आपल्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्या जोडीला नियमित हिशोब लिहिणं हे पाचवं सूत्र आहे. मोबाइलवर जरूर भरा, ते यंत्र आपल्याच सोयीचं आहे. पण रजिस्टर बंद करू नका. इतिवृत्तात नुसतं 'सर्वानुमते ठरले' लिहू नका, कोणी सुचवलं तिचं पूर्ण नाव लिहा. तारीख टाका, सह्या आणि अंगठे घ्या. नवं उत्पादन केलं तर कोणत्या महिन्यात, कुणाच्या घरी, कुणाच्या हातून पहिल्यांदा झालं, ते अर्धं पान लिहा. व्यापाऱ्याला माल दिला तर पावती घ्या आणि एक प्रत गटात ठेवा. फोटो काढलात तर मागं नावं लिहा, डावीकडून उजवीकडं, सगळ्यांची. आणि अर्ज लिहून वकिलाकडं किंवा कचेरीत दिला म्हणजे काम झालं असं समजू नका, दाखल झाल्याची पोच हातात येईपर्यंत विचारत राहा. आयोवाच्या कॉलेजचं घोडं तिथंच अडलं.

येत्या बैठकीत एक गोष्ट करा. गटाचं सगळ्यात जुनं रजिस्टर काढा आणि पहिल्या बैठकीचं पान मोठ्यानं वाचा. कोण कोण होतं, किती रुपये जमले, पहिलं कर्ज कुणी घेतलं आणि कशासाठी. एखादीचं नाव राहिलं असेल, तर आजच्या तारखेनं नवी नोंद करून लिहा आणि त्या वेळच्या दोघींच्या सह्या घ्या. जुन्या बायका आहेत तोवर हे काम होईल. त्या पानात काय सापडलं, ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात काही गटांची पानं आपण याच कार्यक्रमात वाचू.